बोळ, वहिवाट आणि 'येऊ का?'

आमच्या गावच्या घराला दोन वाटा. एक रस्त्यावरून पुढच्या दारानं, दुसरी शेजारच्या तात्यांच्या बोळातून थेट परसदारी. सिलिंडर, दळणाचे डबे, पावसाळ्याआधीची लाकडं, म्हणजे पाहुण्यांच्या नजरेस पडू नये असं जे जे काही, ते बोळातून यायचं. गेल्या वर्षी तात्यांनी बोळाच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं आणि मी तालुक्याच्या कोर्टात वादी झालो.

तोवर 'सोय' हा शब्द आपल्याला कळतो, असा माझा समज होता. लग्नघरी जेवणाची सोय असते, मुंबईत मावशीकडे उतरायची सोय असते, मेहुण्याची कुठंतरी सोय लावायची असते. आणि एसटी स्टँडवर खालच्या आवाजात "सोय कुठंय हो?" म्हटलं की समोरचा मुकाट्यानं भिंतीमागे बोट दाखवतो. वकीलसाहेब म्हणाले, "हे सगळं विसरा."

आमचा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज होता, कोर्टाच्या बोलीत 'निशाणी ५'. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश ३९ खालचा. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: प्रथमदर्शनी केस, भरून न येणारं नुकसान आणि सोयीचा समतोल.

"हा समतोल आपल्या बाजूला झुकलेला पाहिजे," वकीलसाहेब म्हणाले.

"झुकला तर समतोल कसला?"

त्यांनी माझ्याकडे फी न दिलेल्या पक्षकाराकडे बघावं तसं बघितलं. मग समजावलं, की नाव सोयीचं असलं तरी कोर्ट तोलतं गैरसोय. मनाई दिली तर तात्यांची किती होईल आणि नाही दिली तर तुमची किती, एवढंच बघायचं. ज्याचे हाल जास्त त्याचं पारडं जड.

त्या रात्री मी आणि बायको आमचे हाल मोजत बसलो. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास. तो ओसरी, माजघर असा तीन उंबरे ओलांडत न्यायचा, वाटेत देवघर. इतकी वर्षं सुखात राहत असल्याचा एवढा पश्चात्ताप कधी झाला नव्हता. पुढं तात्यांची कैफियत आली. मोकाट गुरं, रात्रीची कुत्री, चोरांची भीती, त्यात प्रतिवादी वयोवृद्ध आणि गुडघ्यांनी अधू. वाचून मलाच वाटलं, राहू दे बिचाऱ्यांचं फाटक.

पण खरी पंचाईत वेगळीच निघाली. मी म्हटलं, "बोळ ही आमची गरज आहे." वकील म्हणाले, "गरज म्हणू नका. पुढचं दार आहे ना? दुसरी वाट असली की गरज संपली, मग ती कितीही अडचणीची असो." राहिला १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा. त्याच्या कलम १५ प्रमाणे वीस वर्षं शांतपणे, उघडपणे, अखंड आणि हक्कानं वापर असेल तर वाट आपली. उघडपणा होता. अखंडही होता. शांतपणाचं जरा अवघड होतं, कारण आमची आजी बोळातून जाताना तात्यांच्या न्हाणीघराच्या सांडपाण्यावर रोज जाहीर भाष्य करायची.

"आणि हक्कानं? की विचारून जायचात?"

मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "छे, छे, न विचारता कसं? 'तात्या, येऊ का?' म्हटल्याशिवाय आमच्या घरातलं कुणी कधी बोळात पाऊल टाकलं नाही."

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. परवानगी मागितली की तो हक्क उरत नाही, नुसती मुभा होते; आणि मुभा वीस काय, दोनशे वर्षं वापरली तरी मुभाच. तीन पिढ्यांच्या संस्कारांनी आमची केस आतून पोखरली होती. दांडगाईनं घुसलो असतो तर आज वहिवाटदार असतो. शेवटी ते म्हणाले, "ते 'येऊ का' नसेल. 'आलो हं' असेल. नीट आठवा." आई पंचाऐंशीची आहे, तिला नीट आठवायला सांगितलं तर ती म्हणाली, "मी तर चहा पिऊनच पुढं जायचे."

तारखा पडत राहिल्या. गावाला संध्याकाळची एसटी एकच, त्यामुळं वादी-प्रतिवादी शेजारी शेजारी बसून घरी येत. परवा तात्यांनी खिडकीची जागा मला दिली, अर्धं कणीसही दिलं आणि घाट संपता संपता म्हणाले, "सिलिंडर आलाय ना तुझा? पुढनं कशाला मरतोस? फाटकाला कुलूप नसतं, नुसती कडी आहे. ने की बोळातनं."

माझा कंठ दाटून आला. घरी पोचल्याबरोबर वकीलसाहेबांना फोन केला.

"पाऊल टाकू नका!" ते ओरडले. "त्यांच्या परवानगीनं गेलात की संपलं. आधी कोर्टात तशी पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, होऊ दे."

रात्री मी सिलिंडर खांद्यावर घेऊन पुढच्या दारानं आत शिरलो. दुसऱ्या उंबऱ्याशी टेकलो, तेव्हा खिडकीतून दिसलं: बोळाचं फाटक सताड उघडं, आणि तात्या हातात बॅटरी घेऊन मला उजेड दाखवायला उभे.