उसाला मोकळीक, पोराला झोनबंदी

परवा भाच्यानं पाचशेचा स्टॅम्पपेपर माझ्या पुढ्यात टाकला. पोरगं सांगलीच्या विश्रामबागेत एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतं. दुसऱ्या क्लासनं जास्त पगारावर बोलावलंय, पण आठवं कलम आडवं आलंय: क्लास सोडल्यावर दोन वर्षं २५ किलोमीटर हवाई अंतराच्या आत फिजिक्स शिकवायचं नाही.

"हवाई कशाला? न्यूटन काय विमानानं येतो?"

"मामा, तुम्हाला चेष्टा सुचतेय."

मग डोक्यात उजेड पडला. २५ किलोमीटर हवाई अंतर हा तर साखर कारखान्याचा आकडा! दोन कारखान्यांमध्ये केंद्राला १५ पुरतात, महाराष्ट्रानं २५ केले. क्लासच्या सरांनी मसुदा बहुधा कारखान्याच्या वकिलाकडूनच उचलला असणार. नकाशा काढून कंपास फिरवला. मिरज गेली, जयसिंगपूर गेलं, तासगाव, इचलकरंजी, सगळं वर्तुळात. गुरुत्वाकर्षण शिकवायला पोरानं विट्याला जायचं.

आणि विट्याची तऱ्हा काय? खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं मुलखात कुठल्याही सराफकट्ट्यावर सापडतात. गावाकडचं पोरगं शेठच्या भट्टीवर सोनं-चांदी आटवायला शिकतं आणि हात बसला की आपली भट्टी टाकतं. पुष्कळदा शेठच चार पैसे उसने देतो. त्यांच्यात आठवं कलम असतं, तर अख्खा तालुका अजून पहिल्याच शेठची भट्टी फुंकत बसला असता.

कागद वकिलांना दाखवला. त्यांनी चष्माही लावला नाही. म्हणाले, "१८७२ चा करार कायदा, कलम २७. माणसाला धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द." धंद्याचं नाव-गिऱ्हाईक विकलं तर गोष्ट वेगळी. नोकरीत असताना दुसरीकडे हात मारायचा नाही, हेही कोर्टाला चालतं. मुदतीआधी सोडलं तर बाँडचे पैसे भरावे लागू शकतात. एका सरकारी बँकेचा २ लाखांचा बाँड सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये उचलून धरला. पण करार संपल्यावरही दावं गळ्यात ठेवायचं म्हटलं, की कोर्ट ते कापतं. आपल्या श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानला त्याच्या जुन्या एजन्सीनं असंच धरून ठेवायला पाहिलं. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं एजन्सीला दाद दिली नाही.

"मग सर हे कलम घालतात कशाला?"

"बुजगावण्याला कुठं हातपाय हलवायला लागतात? पाखरू बुजलं की झालं."

पाखरू बुजलेलंच होतं. म्हटलं, दाजी धीर देतील. दाजी म्हणजे आमचे जुने लढवय्ये. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं परराज्यात ऊस न्यायला बंदी केली, तेव्हा 'स्वाभिमानी' शेतकरी संघटनेच्या बरोबरीनं यांचाही आवाज चढला होता: "ऊस आमचा, घाम आमचा. कर्नाटकात घालू नाहीतर गुऱ्हाळात! अडवणारं सरकार कोण?" काही दिवसांतच सरकारनं आदेश गुंडाळला. दाजींनी गावात पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

पोरानं कागद त्यांच्यापुढं धरला. दाजींनी सही बघितली.

"ही तुझीच नव्हं? मग गप ऱ्हा. मोठ्या माणसाशी वाकडं घ्यू नगं."

एवढं बोलून त्यांनी फोन लावला. सीमेपलीकडचा कारखाना यंदा टनाला किती देतोय, विचारायचं होतं.