वहिनींच्या लेकाचा भाडोत्री मदतनीस

“भाऊजी, पोरगं कालपासून फुगलंय,” वहिनी कुंपणाच्या तारेवर टॉवेल टाकता टाकता म्हणाल्या. “मला वाटलं कुणा पोरीचं काहीतरी असंल. तर म्हणतो, एडिटर अपडेट झाला.”

हा एडिटर वर्तमानपत्रातला नव्हे. कोड लिहायचं सॉफ्टवेअर. वहिनींचा धाकटा हिंजवडीतल्या एका कंपनीत आहे, पण आठवड्यातले बरेच दिवस भोरातूनच काम करतो. त्या सॉफ्टवेअरला तो पदरचे पैसे भरतो, दरमहा, डॉलरात. आणि आता त्यात न मागता एक एआय मदतनीस येऊन बसलाय. हा एक ओळ लिहितो, तोवर पुढच्या चार ओळी करड्या अक्षरांत समोर हजर.

“मग चांगलंच की,” मी म्हटलं. “आयतं मिळतंय.”

“मी पण त्येच म्हटलं. तर माझ्यावरच खेकसला.”

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. पोरगं ऐकत होतं तर. “काका, धडधडीत चूक असती तर लगेच दिसली असती. हे जवळपास बरोबर असतं! जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे शून्य. त्यानं एकपासून मोजले. सगळा हिशेब महिनाभर पुढं सरकला, आणि माझी सगळी संध्याकाळ ते शोधण्यात गेली.”

हे दुखणं त्याच्या एकट्याचं नाही म्हणे. स्टॅक ओव्हरफ्लो या वेबसाइटनं 2025 साली जगभरच्या प्रोग्रॅमरांना विचारलं, एआयचा वैताग कशाकशाचा येतो. सर्वांत जास्त, म्हणजे 66 टक्क्यांनी, हेच सांगितलं, उत्तर जवळपास बरोबर असतं, पण पुरतं नाही.

“बंद करून टाक की मग त्याला,” वहिनी.

“केला होता. अपडेट आलं की पुन्हा चालू. वर आमच्या कंपनीची ताकीद, गिऱ्हाइकाचा कोड बाहेरच्या सर्व्हरवर जाता कामा नये. म्हणजे जे वापरायची मला मनाई आहे, त्याचेच पैसे मी भरतोय.”

“खेड शिवापूरच्या टोलावाणी झालं की!” वहिनी म्हणाल्या. “रस्ता खोदून ठेवायचा अन् पावती फाडायची.” त्या टोलावरून भोर-वेल्ह्यात इतकी आंदोलनं झालीत, की ही उपमा इथं शेंबड्या पोरालाही समजते.

मग वहिनींनी खरी गंमत सांगितली. पोरगं मामाकडं वेल्ह्याला गेलं होतं, भाताच्या लावणीला. (सरकारदरबारी तालुका आता राजगड झाला, वहिनींचं माहेर मात्र वेल्हंच.) जाताना लॅपटॉप नेला. तोरण्याच्या पायथ्याला रेंज गेली. लायसन खरं की खोटं हे विचारायला सॉफ्टवेअरला सर्व्हर सापडेना, म्हणून ते उघडेचना. “पैसे भरलेला माणूस बांधावर बसून राहिला. मामा म्हणाला, आता चिखलात ये.”

मी डीटीपीवाला माणूस. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, ग्रामपंचायतीचे अहवाल यांत जन्म गेला. आमच्या मराठी टायपाच्या सॉफ्टवेअरला डोंगल असायचा. बोटभर डबी, संगणकाच्या मागं प्रिंटरच्या जागी खोचायची; ती नसली तर स्क्रीनवर अक्षर उमटत नसे. रात्री दुकान बंद करताना मी गल्ल्याच्या किल्लीबरोबर डोंगल खिशात घालायचो. तो हरवला की सॉफ्टवेअर नवं घ्या, पूर्ण किमतीला. त्या कटकटीपायी कितीतरी दुकानांत ‘क्रॅक’ केलेली चोरटी प्रत चालायची, ते आता कशाला लपवू? पण विंडोज 98 वर जे चाललं, ते मी शटर ओढेपर्यंत तसंच चाललं. रातोरात येऊन कुणी माझी वेलांटी बदलली नाही.

“तसं अजून एका ठिकाणी आहे, काका.” पोरगं आता चहाचा कप घेऊन ओट्यावर आलं होतं. “जेटब्रेन्स म्हणून कंपनी आहे, मूळची प्रागची. त्यांनी सप्टेंबर 2015 मध्ये सांगितलं, यापुढं फक्त भाड्यानं. लोकांनी एवढी बोंब मारली की त्याच महिन्यात त्यांनी नियम बदलला. सलग वर्षभर पैसे भरले की त्या वर्षाच्या सुरुवातीची आवृत्ती कायमची तुमची.”

“मग तेच घे.”

“घेईन. पण एआय त्यात येत नाही ना! तो चालतो त्यांच्या सर्व्हरवर. तो कायमचा कसा देणार?”

इथं माझ्या डोक्यात थोडा उजेड पडला. डोंगल कितीही छळवादी असला, तरी वस्तू माझ्या टेबलावर होती. या मदतनिसाला घरी आणताच येत नाही. दर वेळी विचारलं की तिकडं कुठंतरी खर्च होतो, आणि तो खर्च कुणाच्या माथी मारायचा हे तिकडचे लोक मधूनच ठरवतात. कर्सर नावाच्या एडिटरनं जून 2025 मध्ये तेच केलं. वीस डॉलरच्या योजनेत आधी विनंत्या मोजल्या जायच्या, मग वापराची किंमत मोजायला लागले. अनेकांचा महिन्याचा कोटा मधेच संपला, काहींना वरचं बिल आलं. 4 जुलैला कंपनीनं माफी मागितली, अनपेक्षित कापलेले पैसे परत द्यायची तयारी दाखवली.

“आपल्याकडं बँक तरी आधी कळवती,” वहिनी म्हणाल्या. त्यांचं खरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डावरून दरमहाचा हप्ता कापायच्या किमान 24 तास आधी कळवावं लागतं, आणि असल्या वर्गणीचा हप्ता 15,000 रुपयांच्या वर असेल तर ओटीपी हवाच. पण हा नियम पैशांपुरता. हप्ता तोच ठेवून आतला माल कमी केला, तर कुठला मेसेज येणार? तक्रार करायला जावं तर सही आपलीच असते, त्या लांबलचक अटींखाली, न वाचता केलेली.

“ते जाऊ द्या,” वहिनी तारेजवळ सरकल्या, आवाज खाली आणला. “नसरापूरचं स्थळ आलंय. पोरगी शिकलेली, पुण्यात नोकरीला. असलेच मदतनीस तयार करणाऱ्या कंपनीत.”

“मग? नाही म्हणाला?”

“कशाचं! म्हणतो, रविवारीच भेटतो. अपडेटनंतर त्यो कायमचा बंद कसा ठेवायचा, ते तिला इचारायचंय म्हणे.”