नालीची ओढ

सायकल उजवीकडे वळवायची तर हँडल आधी डावीकडे वळवावं लागतं. हे वाक्य बीडच्या सुभाष रोडवर मोठ्यानं म्हणून पाहा; ऐकणारा तुमच्या घरी निरोप धाडेल. त्याचा दोष नाही. विमानाच्या नादी लागण्याआधी सायकली बनवून विकणाऱ्या विल्बर राइटनं अनेक सायकलवाल्यांना विचारलं होतं, की बाबांनो, तुम्ही वळता कसे? पहिल्या दमात पूर्ण बरोबर उत्तर एकानंही दिलं नाही. प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी, तोंडी परीक्षेत सगळे नापास.

पुरावा नालीच्या काठावर आहे. नवशिकं पोर रस्त्याच्या डाव्या कडेला गेलं की नालीत जातंच, आणि आपण म्हणतो, घाबरलं. भीती बिचारी नाहक बदनाम! नालीपासून दूर जायचं तर अंग उजवीकडे कलायला हवं, आणि ते कलतं चाकं खालून डावीकडे सरकली तरच. तळहातावर उभी काठी धरा. तिला उजवीकडे झुकवायला हात डावीकडेच न्यावा लागतो. म्हणजे नाली चुकवायला आधी वीतभर नालीकडे जायचं. ती वीत शिल्लक नसेल, तर पुढचं सांगायला नको. हे कलणं काही शोभेचं नाही. धारूरच्या घाटात ताशी ३६ किलोमीटरनं २० मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं तर सुमारे २७ अंश कलावं लागतं. नाहीतर सायकल थेट समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रकमध्ये.

कुणी म्हणेल, आम्ही हँडलला हातही लावत नाही, नुसतं अंग टाकतो. टाका, पण टेकू कशाचा? अंग एकीकडे गेलं की सायकल दुसरीकडे जाते. नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारणारं पोर डावीकडे लोंबतं, तेव्हा सायकल उजवीकडे कललेली असते, ती उगाच नव्हे. हँडलचे छर्रे जाम होऊ द्या, मग पट्टीच्या माणसालाही सायकल चार हात नीट नेता येत नाही. अंग टाकायला तेव्हा कुणाची मनाई असते? राहिले शास्त्र शिकलेले. ते म्हणतात, फिरतं चाक भोवऱ्यासारखं उभं राहतं. डेव्हिड जोन्सनं १९७० साली पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं चाक लावून भोवऱ्याचा जोर मारला आणि वर बसून ती सायकल चालवूनही दाखवली. २०११ साली संशोधकांनी तसलीच, भोवऱ्याचा जोर काढलेली सायकल बिनमाणसाची सोडली. ती ज्या बाजूला पडू लागे, त्याच बाजूला हँडल आपोआप वळे, चाकं अंगाखाली येत आणि स्वारी पुन्हा ताठ. तिला कुणी शिकवलं नव्हतं. आणि राइटनं विचारलं असतं, तर निदान चुकीचं उत्तर तरी तिनं दिलं नसतं.