मढी मोजून चौक सुधारत नाही

२० डिसेंबर २०२४. जयपूरजवळचं भांकरोटा, अजमेर महामार्ग, पहाटेचा अंधार. दुभाजकातल्या कटमधून एलपीजीचा टँकर यू-टर्न घेत होता आणि एक ट्रक त्यावर आदळला. गॅस रस्त्यावर पसरला, पेटला. स्लीपर बससकट तीसहून अधिक वाहनं जळाली. वीसच्या घरात माणसं गेली.

अशा वेळी आपण ड्रायव्हरला धरतो. मी त्या कटला धरतो. ताशी ६० किलोमीटरने धावणारा ट्रक सेकंदाला जवळपास १७ मीटर कापतो. लांबलचक टँकरला वळून रस्ता मोकळा करायला दहा सेकंद लागली, तर तेवढ्यात ट्रक जवळपास १६७ मीटर पुढे आलेला असतो. अंधारात आडव्या टँकरची कूस दिसेपर्यंत ब्रेक मारायची वेळ टळून जाते. हे गणित अपघाताआधी कागदावर मांडता येतं. मग का मांडलं जात नाही?

कारण आपली मोजपट्टीच उलटी आहे. केंद्राच्या व्याख्येत ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणजे राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे ५०० मीटरचा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमांचे ५ अपघात झाले, किंवा १० माणसं मेली. आधी मढी, मग दुरुस्ती. थोडक्यात वाचलेल्यांना या हिशेबात जागाच नाही.

वाहतूक अभियंते नेमकं तेच मोजतात. चौकात कॅमेरा लावायचा. एक गाडी जिथून निसटली, तिथेच दुसरी किती वेळाने पोचली ते बघायचं. हा अवधी सेकंद-दीड सेकंदावर आला, की टक्कर अगदी थोडक्यात टळलेली असते. स्वीडनमध्ये अशा हुकलेल्या धडका मोजण्याची पद्धत १९८० च्या दशकातच पक्की झाली. धडकेच्या जागा किती, हे चौकाच्या आकारावरही ठरतं: साध्या चौरस्त्यावर वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना छेदतात, मिळतात किंवा फुटतात. एकपदरी गोल चौकात फक्त ८ ठिकाणी. कुठला चौक कसा बदलायचा, हे त्या चित्रीकरणावरून ठरवता येतं. त्यासाठी कुणी मरायची गरज नाही.

भांकरोट्यासारखा कट तुमच्या गावाबाहेरही असेल. तुमच्या जिल्ह्याच्या रस्ता सुरक्षा समितीला लेखी विचारा: तिथे थोडक्यात वाचणाऱ्यांची मोजणी कधी करणार? उत्तरही लेखीच मागा.