काकांची पॉम्पेई

पॉम्पेई पाहायला इतिहासाचा प्राध्यापक बरोबर न्यावा, हळवा कवी न्यावा, फार तर दात येत असलेलं मूल न्यावं. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालेले काका नेऊ नयेत. आम्ही नेले.

पोर्ता मरीना या वेशीचा चढ संपला की माणसं मान वर करून व्हेसुव्हियस ज्वालामुखी शोधतात. काकांनी मान खाली घातली. काळ्या दगडांची फरसबंदी, दोन्ही बाजूंना गुडघाभर उंच फुटपाथ, रस्ता ओलांडायला मध्येच ठेवलेले चपटे धोंडे आणि त्या धोंड्यांमधून गेलेल्या, गाड्यांच्या चाकांनी दगडात कोरलेल्या चाकोऱ्या.

"गटार कुठाय?" काकांनी मला विचारलं. मी गाइडबाईंना विचारलं.

बाई म्हणाल्या, शहराच्या बऱ्याचशा भागात भूमिगत गटारं नव्हतीच. पावसाचं, सार्वजनिक हौदांतून ओसंडणारं, घरांतून सोडलेलं असं सगळं पाणी उतारानं रस्त्यावरूनच जायचं. फुटपाथ उंच का आणि मध्ये धोंडे का, ते त्यातच आलं. काकांनी मान डोलावली. "गटार बांधायचं नाही, नागरिकांना धोंडे द्यायचे. स्वस्तात काम."

फोरमच्या चौकात सगळे ज्वालामुखीला पाठीशी घेऊन फोटो काढत होते. त्याच ज्वालामुखीनं इ.स. 79 मध्ये हे गाव राखेत आणि दगडांत पुरलं, हे कुणाच्या चेहऱ्यावरून कळलं नसतं. बाई सांगत होत्या की त्याआधी इ.स. 62 च्या सुमारास इथे मोठा भूकंप झाला होता आणि स्फोट झाला तेव्हाही गावात दुरुस्तीची कामं चालूच होती.

"सतरा वर्षं?" काका म्हणाले. "काम चालू होतं, की नुसता बोर्ड होता?"

एक काम मात्र झपाट्यानं झालेलं दिसलं, इसिस देवीच्या देवळाचं. भूकंपात पडलेलं हे देऊळ नुमेरियुस पोपिदियुस केल्सिनुस यानं स्वखर्चानं पायापासून उभं केलं आणि गावच्या कारभारी मंडळानं कृतज्ञतेपोटी त्याला फुकटात सभासद करून घेतलं, असा तिथे शिलालेख आहे. दानशूर केल्सिनुसचं वयही त्यात दिलंय: सहा वर्षं. बाप मूळचा गुलाम. पुढे मुक्त झाला, पैसा केला, पण कायद्यानं त्याला स्वतःला ती खुर्ची मिळणार नव्हती.

"सहा वर्षांचा नगरसेवक!" काकू म्हणाल्या. "आपल्याकडे निदान बायकोला उभं करतात."

निवडणुकांची हौस या गावाला दांडगी. भिंती प्रचारानं रंगवलेल्या. असे हजारो मजकूर सापडलेत. मार्कुस केरिनियुस वातिया नावाचा उमेदवार रस्ते आणि बाजार सांभाळणाऱ्या पदासाठी उभा होता. त्याला रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांचा पाठिंबा असल्याचं एका भिंतीवर लिहिलंय, भुरट्या चोरांचा दुसरीवर, झोपाळूंचा तिसरीवर. विरोधकांनी केलेला चावटपणा असावा असा अभ्यासकांचा कयास आहे. मला तो पटतो, पण ही तिन्ही मंडळी मतदानाला खरंच आली असती तर वातिया हमखास निवडून आला असता.

सगळ्यात लांब रांग अर्थातच लुपानारला, म्हणजे वेश्यागृहाला. काकू बाहेर सावलीत बसल्या. आत दगडी ओटे असलेल्या अंधाऱ्या खोल्या आणि दारांवर चित्रं. लोक चित्रं बघायला थबकत होते. काका एका मिनिटात बाहेर आले.

"काय पाहिलंत?" काकूंनी जरा कडकच विचारलं.

"वायुवीजन अजिबात नाही."

प्लास्टरची माणसं पाहताना मात्र काका गप्प होते. राखेत देह कुजून गेले, त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या; 1863 मध्ये पुरातत्त्वज्ञ ज्युझेप्पे फियोरेल्लीनं त्यांत प्लास्टर ओतून घेतलं. हातानं तोंड झाकलेला माणूस पाहिल्यावर विनोद सुचत नाही, आणि सुचू नये.

काका पुन्हा खुलले ते एका चौकातल्या विटांच्या खांबापाशी. असे डझनभराहून अधिक खांब गावभर आहेत. पर्यटक त्यांना टेकून पाणी पितात. बाई काही सांगायच्या आत काका म्हणाले, "वर टाकी होती. गाव उतारावर आहे, थेट पाणी सोडलं तर खाली नळ फुटतील. हे प्रेशर तोडायला बांधलंय." मी भाषांतर केलं. बाई चकित झाल्या, कारण उत्तर बरोबर होतं. पाणी व्हेसुव्हियस वेशीजवळच्या उंच जागी यायचं, तिथे तीन वाटांनी फुटायचं आणि शिशाच्या नळांतून या टाक्यांत चढायचं. खांबावर क्षाराचे जाड ओघळ होते. टाकी भरून वाहायची, त्याचे.

"गळती!" काका जवळजवळ ओरडले. नोकरीभर ज्या एका शब्दापायी सर्वसाधारण सभांमध्ये बोलणी खाल्ली, तो रोमन साम्राज्यातही होता! त्यांनी त्या ओघळाचे सर्व बाजूंनी फोटो काढले. व्हेसुव्हियसचा एकही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी नेपल्सच्या संग्रहालयात गेलो. 1938 मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडलेली वीतभर उंचीची हस्तिदंती भारतीय मूर्ती तिथे आहे. म्हणायचं लक्ष्मी, पण बरेच तज्ज्ञ तिला यक्षी मानतात. ठेवलीय कामुक चित्रांच्या 'गुप्त दालनात', त्यामुळे काकूंनी संग्रहालयावर बहिष्कार घालायचंच बाकी ठेवलं. मी समजूत काढायला सांगितलं की अशाच घडणीच्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला सापडल्यात. ही तिकडचीच असावी, असं काही अभ्यासक म्हणतात.

काका काचेला नाक लावून उभे होते. "भोकरदन? तिथे होतो ना मी!" मग बराच वेळ मूर्तीकडे बघत म्हणाले, "ही तिथून समुद्र ओलांडून इथवर येते, आणि आमचे पाइप जालन्याहून भोकरदनला पोचेपर्यंत निम्मे फुटलेले असायचे."