गुलाबी मिशीची कैफियत

बालकांच्या अंगी उपजत असलेल्या सृजनशक्तीला वाव मिळावा म्हणून त्यांच्या स्वाधीन खाण्याचे रंग करावेत, हा विचार आमच्या पोलादपुरात पुण्याहून आला. आणि तो आणणाऱ्या सूनबाई उच्चविद्याविभूषित असल्यामुळे त्याविरुद्ध अपील करण्याची सोय उरली नाही. तहसील कचेरीत अव्वल कारकुनी करून सेवानिवृत्त झालेल्या माणसाला वरून आलेला हुकूम तामील करण्याचे वळण असतेच. तो हुकूम अडीच वर्षांच्या नातीच्या हस्ते बजावला जाईल, एवढे मात्र कोणी कळवले नव्हते.

रंग कायदेशीर होते, हे प्रथम नमूद करतो. आपल्या अन्नकायद्याने आठच कृत्रिम रंगांना सनद दिली आहे: तांबड्यांत पॉन्सो ४ आर, कार्मोइसिन व एरिथ्रोसिन, पिवळ्यांत टार्ट्राझीन व सनसेट यलो, निळ्यांत इंडिगो कार्माइन व ब्रिलियंट ब्लू, आणि हिरव्यांत एकटा फास्ट ग्रीन. १६७४ साली ज्या रायगडावर अष्टप्रधानांसह राज्याभिषेक झाला, त्याच्या मुलखात राहणाऱ्याला आठ हा आकडा भारदस्त वाटणारच. मिठाईच्या एका किलोत हे रंग १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नयेत, अशीही मर्यादा आहे. मनुष्याच्या मिशीत ते किती असावेत, याविषयी कायदा मूक आहे.

आमच्या कुटुंबाचा पक्ष हळदीचा होता. परंतु हळद सुती कापड सोडत नाही आणि साबण लागताच लाल होऊन वर चढते, या कारणास्तव सूनबाईंनी तो अर्ज निकालात काढला.

कृती अशी, की शिधावाटपाचा जाडा तांदूळ पिशवीत घ्यावा, त्यात रंगाचे थेंब व थोडे व्हिनेगर टाकावे, तोंड बांधून पिशवी मुलाच्या हाती द्यावी, आणि ती यथेच्छ खुळखुळवून झाली म्हणजे रंगलेले दाणे सुपात पसरून वाळवावेत. पुढे मूल ते वाटीतून वाटीत ओतत बसते आणि त्यायोगे त्याच्या बोटांना वळण लागते. घरात व्हिनेगर नव्हते. कुटुंबाने परसातले लिंबू पिळले. वैशाखाच्या उन्हात तांदूळ लगोलग वाळला. नातीने पहिली मूठ स्वतःच्या तोंडात घातली, ती सूनबाईंनी जप्त केली. उरलेला ऐवज शेजारच्या कोंबड्यांनी बिनतक्रार ताब्यात घेतला. राहिले ते वाटीतले गुलाबी, आंबट पाणी.

हे रंग आम्लधर्मी असतात. लोकर, रेशीम, कातडी व केस ही प्रथिनांची द्रव्ये त्यांना आंबट पाण्यात घट्ट धरून ठेवतात; सुताशी मात्र त्यांचे फारसे जमत नाही. तस्मात्, ओटीवर वामकुक्षी घेणाऱ्या आजोबांवर नातीने आपल्या सृजनशक्तीचा प्रयोग केला तेव्हा माझी सुती बंडी एका धुण्यात निर्मळ झाली आणि पिकलेली मिशी गुलाबी राहिली.

दुसऱ्याच दिवशी महाडला लग्न होते. मिशीवर गुलाबी रंग दिसला की आपल्याकडे त्याचा अर्थ एकच होतो: गृहस्थ निवडून आले. एस.टी.तच एका अनोळखी माणसाने उठून जागा दिली, मांडवात वधूपित्याने "कोणती ग्रामपंचायत, अण्णा?" म्हणत हात हाती घेतला, आणि मी नकार दिला तो विनय समजला गेला. कोणी मतांची आघाडी विचारली. एका वृद्धाने शिधापत्रिकेत नाव चढवण्याचा अर्ज पुढे केला, तो मी जुन्या सवयीने वाचून त्यातली त्रुटीही दाखवली; त्यामुळे माझ्या निवडीविषयी उरलासुरला संशय फिटला.

तेव्हा वाचकहो, मुलांच्या हाती रंग खुशाल द्या. लिंबू मात्र कुलपात ठेवा, आणि घरात कोणी पिकल्या मिशीचे असतील तर त्यांना त्या दुपारी शेजाऱ्यांकडे झोपायला पाठवा.