सोमवारी अजिंठा बंद

पर्यटनाचं शिक्षण घेतेय म्हटलं की लोकांना वाटतं, हिचा वर्ग विमानातच भरत असणार. आमचा वर्ग भरायचा कॉलेजच्या जुन्या इमारतीत, सायकल स्टँडच्या वर, आणि खिडकीतून दिसायचा तो एसटीचा डेपो. तिथून सारखं कुणी ना कुणी कुठे ना कुठे निघालेलं असायचं. आम्ही मात्र 'प्रवासामागील प्रेरणा' हे प्रकरण उतरवून घेत बसलेलो. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "फिरायचं शिक्षण? आमचा थोरला तर ते फुकटात करतो." काकूंना कोण सांगणार, की या कोर्समध्ये फिरायचं असतं ते दुसऱ्यांनी!

कोर्स बी. व्होक.चा. एका वर्षानंतर बाहेर पडलात तर पदविका, दोन वर्षांनंतर प्रगत पदविका, तिन्ही वर्षं टिकलात तर पदवी. बाबांनी माहितीपत्रक वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे हात दाखवा, एसटी थांबवा." बाबा जिल्हा परिषदेत. पर्यटनाशी त्यांचा संबंध रजा प्रवास सवलतीच्या बिलापुरता. त्यामुळे या विषयात पास व्हायचं तर उत्तरपत्रिकेला तिकिटाची मूळ प्रत जोडावी लागते, अशी त्यांची मनोमन समजूत होती.

पहिलं प्रकरण इतिहासाचं. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक नावाच्या गृहस्थांनी इंग्लंडातल्या लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसं आगगाडीने नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. कशासाठी? तर दारूबंदीच्या सभेसाठी. सरांनी हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून अत्यंत गंभीर आवाजात प्रश्न आला, "सर, मग गोवा कुठल्या प्रकरणात आहे?"

गोवा विमानतळांच्या संकेताक्षरांत होता. तेही दोनदा. दाबोळी म्हणजे जीओआय आणि २०२३ पासून मोपा म्हणजे जीओएक्स. दोन्हींच्या मध्ये जवळजवळ अर्धा गोवा. तिकिटावरचं शेवटचं अक्षर बघितलं नाही तर पॅक्स एकीकडे आणि विमान दुसरीकडे. (पॅक्स म्हणजे प्रवासी. या धंद्यात एकटा आला तरी तो पॅक्सच.) मुंबईचं नाव १९९५ मध्ये बदललं, पण विमानवाल्यांच्या लेखी ती अजून बीओएमच आहे. पुणे पीएनक्यू. त्यातला क्यू कुठून आला ते कुणालाच सांगता येईना; मिसळीच्या रांगेवरून असावा, असं वर्गात एकमताने ठरलं.

मग वेळांची गणितं. टोकियोहून संध्याकाळी निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी पोहोचतं, कारण वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते. मी घरी मोठ्याने पाठ करत होते. आजीने वाती वळता वळता विचारलं, "निघायच्या आधीच पोहोचतात?" म्हटलं, हो. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि त्या दिवशी एकादशी असली तर? सकाळी सोडायची की परत धरायची?" मी हा प्रश्न वर्गात विचारला. सरांनी तो पुढच्या सत्राला ठेवला.

मला खरा जिव्हाळा वाटला तो पर्यटनाच्या प्रकारांबद्दल. धार्मिक, वैद्यकीय, कृषी, साहसी अशा यादीत एक प्रकार होता 'व्हीएफआर', म्हणजे मित्र आणि नातेवाइकांना भेटण्यासाठी केलेला प्रवास. म्हणजे दर मे महिन्यात ट्रंक घेऊन मामाकडे जाणारे आम्ही सगळे अधिकृत पर्यटक होतो आणि आम्हाला त्याची दाद नव्हती! हॉटेलांच्या जेवणाच्या योजना शिकल्यावर तर नातेवाईक आपोआप रकान्यांत बसायला लागले. नुसती खोली म्हणजे ईपी, नाश्त्यासह सीपी, नाश्ता अधिक एक जेवण एमएपी आणि सगळं म्हणजे सगळं, ते एपी. मामाकडे एपी. मुंबईच्या काकांकडे एमएपी, कारण दुपारी सगळे कामावर. वर हॉलमध्ये गादी टाकून 'एक्स्ट्रा बेड'. आईने हे ऐकलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आमच्या घरचा प्लॅन कुठला ते सांगायचं मी टाळलं.

प्रात्यक्षिकाला मॅडमनी काम दिलं: जोडून आलेल्या शनिवार ते मंगळवारच्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगरची सहल आखा. गटागटाने कागद रंगवले गेले. पहिले दोन दिवस प्रवास, बीबी का मकबरा आणि खरेदी, मग सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ; मधल्या चहाच्या वेळासुद्धा मिनिटांत. मॅडमनी लाल पेनाने प्रत्येक कागदावर एकच शब्द लिहिला: 'बाहेरून?' अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. दोन दिवसांची नुसती अदलाबदल केली असती तर सगळं सुरळीत झालं असतं. अजिंठ्याला गाड्या फाट्यावरच थांबतात आणि पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं, हे तर कुणाच्या गावीही नव्हतं. पद्मपाणीवर मात्र पानभर मजकूर होता.

त्याच अजिंठ्यात १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला झाडोऱ्यात लेणी दिसली. त्याने काय केलं? दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरली. आपल्या किल्ल्यांवर बदाम काढून आत नावं लिहिणाऱ्या मंडळींची वंशावळ कुठवर जाते, ते मला त्या दिवशी कळलं.

मार्गदर्शकाचं शिक्षण बसमध्ये. पॅक्सकडे तोंड आणि काचेकडे पाठ करून माइकवर बोलायचं. आपला उजवा हात तो त्यांचा डावा. या सरावाने आमच्या वर्गाच्या मेंदूत कायमची उलथापालथ झाली. रिक्षावाल्याला रस्ता सांगताना अजूनही माझे वांधे होतात.

शेवटच्या वर्षी एका सहल कंपनीत उमेदवारी केली. ज्येष्ठ नागरिकांचा ग्रुप, वेरूळ (गुरुवार होता, मी आधी तेच बघितलं). गाडी लागणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या दिवशी अचानक वाढतं आणि त्या सगळ्यांना पहिलीच सीट हवी असते, हे आम्हाला कुठल्या प्रकरणात नव्हतं. सीट रोज बदलायच्या, हा नियम जाहीर केल्यावर निम्म्यांचा त्रास तिथेच थांबला.

सोळाव्या लेण्यापुढे मी पाठ केलेलं सुरू केलं. आठवं शतक, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, एका अखंड कातळातून वरून खाली कोरत आणलेलं मंदिर. तेवढ्यात सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब पुढे झाले. "वरून खाली," त्यांनी माझं वाक्य उचललं, "म्हणजे परांचीचा खर्च वाचला. बरं, राडारोडा किती निघाला असेल? तो टाकला कुठे? आणि मोजमाप पुस्तकात नोंद कुणी केली?" सगळा ग्रुप त्यांच्याभोवती गोळा झाला. बायका उन्हात पदर घेऊन ऐकत राहिल्या. शिखराकडे बोट दाखवत त्यांनी "एवढं एक कॉलम चुकलं असतं तर परत लावायला दगड नव्हता हो" असं म्हटल्यावर तर टाळ्या पडल्या. मी पाण्याच्या बाटल्या मोजत मागे उभी होते.

परतीच्या वाटेवर अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले. त्यांवर माझे गुण अवलंबून होते. 'माहिती' या रकान्यात बहुतेकांनी लिहिलं होतं: 'फारच सुंदर, साहेबांचे आभार.' आणि 'मार्गदर्शक' या रकान्यात एका आजींचं वळणदार अक्षर: 'मुलगी गुणी आहे. जेवताना माझं ताक विसरली नाही. लग्नाचं बघताय का?'

कॉलेजने मला संवादकौशल्यात 'अ' श्रेणी दिली. फॉर्मची झेरॉक्स बाबांनी फाइलला लावली. मूळ प्रत आईने ठेवून घेतली.